दादांच्या पुस्तकाची चोवीस चित्रं

आमचे दादा, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माणूस समोर आला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही तसंच बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, "मुलगी चांगली आहे, पण सगळा भार उजव्या टाचेवर टाकते. पाठ दुखत असणार हिची." पाठ खरंच दुखत होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात माझ्या चपलेत कातड्याची एक पातळ पट्टी आली आणि महिन्याभरात पाठ विसरले.

दादांचा धंदा वाकड्या पायांसाठी बूट करण्याचा. इस्पितळाच्या मागे एक लहानसा कारखाना होता, तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली. कारखाना बंद झाला तेव्हा ते बूट बेतायची लाकडी पावलं, कातडं कापायची रापी, भोकं पाडायच्या आऱ्या आणि शिवणयंत्र घेऊन आमच्या पुढच्या खोलीत आले. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सामानात दुसरं काही नव्हतं. मग लांबलांबून आया मुलांना घेऊन आमच्याकडे येऊ लागल्या. दादांनी टेप कधी वापरली नाही. मुलाचं पाऊल मांडीवर घ्यायचं, नजर पावलावर ठेवायची आणि अंगठ्याने तळवा दाबत दाबत जायचं. मूल गुदगुल्यांनी हसायला लागलं की म्हणायचे, "हसू नकोस रे, हसलास की पाय फुगतो, मग आईला कातडं जास्त लागतं."

दादांचे डोळे गेले ते साखरेच्या आजाराने. एकदम गेले नाहीत. आधी सुईत दोरा जाईना, मग समोरच्याच्या चेहऱ्यावर डाग दिसू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल. वर्षभर टिकली तरी खूप समजा." बाहेर येऊन दादा मला म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. आपल्याकडचे परत न्यायला आलेला दिसतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी पुस्तकाचं काढलं. आपण गेल्यावर हे बूट कोण करणार, असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "कुठल्याही रस्त्यावरच्या चांभाराला हे पान उघडून दिलं तर त्याला बूट करता आला पाहिजे." मी बी. ए. झालेली, म्हणून त्यांची मास्तरीणबाई. दुपारी भांडी आवरून मी त्यांच्या बाकाशी वही घेऊन बसायची आणि ते सांगत जायचे.

"लिही, मास्तरीणबाई. अंगठा दाबल्यावर जिथे मऊ लागतं तिथून बोटभर मागे खूण करावी."

"कुणाचं बोट, दादा?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

"मग तुमचं बोट प्रत्येक पुस्तकाबरोबर कसं पाठवायचं?"

ते हसले. वहीची ऐंशी पानं भरली होती आणि त्यातलं एकही पान वाचून मला स्वतःला बूट करता आला नसता. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "चित्रं लागतील. कमीत कमी चोवीस. मला दिसतंय तोवर झाली पाहिजेत. दिसेनासं झाल्यावर ती बरोबर आहेत की नाहीत हे सांगणार कोण?"

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही.

पहिला माणूस आम्ही नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला धरला. दुकानांचे फलक, भेटकार्डं असलं सगळं तो संगणकावर करायचा. सगळे त्याला झटपट म्हणायचे. दोन दिवसांत चोवीसच्या चोवीस देतो म्हणाला आणि पैसे इतके थोडे सांगितले की ह्यांना आनंद झाला आणि मला शंका आली. मोबाइलवर त्याने पायांचे, बुटांचे पटापट फोटो काढले. तिसऱ्या दिवशी गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं हजर. पी हळद आणि हो गोरी.

दादांनी भिंग लावून पहिलं चित्र बघितलं, मग दुसरं, मग सातवं.

"पाय सुंदर आहेत," ते म्हणाले.

"आवडले ना, काका?"

"आवडले. पण या पायांना माझ्या बुटाची गरजच नाही."

झटपट गोंधळला. "काका, वाकडे पाय छापून बरं दिसेल का? मी जरा सरळ करून घेतले. त्याचे जास्तीचे पैसे लावलेले नाहीत."

"एकतीस वर्षं मी जे घासत बसलो ते तू दोन दिवसांत केलंस. जा बाबा, इस्पितळात नोकरी धर." तो गेल्यावर दादांनी चित्रं उलटी करून ठेवली. "कागद पाठकोरे आहेत, वहीसारखे वापर," एवढंच म्हणाले.

मग ह्यांनी कुठूनतरी एका जाहिरातींच्या ऑफिसचा पत्ता आणला. काचेचं टेबल, थंडगार खोली. तिथल्या मॅडमनी कामाचे नमुने दाखवले. एका यंत्राचं चित्र होतं, आतला प्रत्येक खिळा मोजता येत होता. दादांनी ते इतक्या जवळून बघितलं की नाक कागदाला लागलं. पंधरा दिवसांत सगळं देऊ म्हणाल्या. मग आकडा सांगितला. वर्षभराची इंजेक्शनं त्यात दोनदा झाली असती.

"काही कमी?" ह्यांनी विचारलं.

मॅडम वाईट नव्हत्या. हसून म्हणाल्या, "हे बघा, स्वस्त, लवकर आणि चांगलं अशा तिघी बहिणी आहेत. एका घरात दोघीच नांदतात. तिसरी आली की एक रुसून जाते."

"आणि पाय बघायला कोण येणार?" दादांनी विचारलं.

"फोटो पाठवा ना."

"फोटोला अंगठा लावून बघता येतो का?"

आम्ही उठलो. जिना उतरताना दादा मधल्याच पायरीवर बसले. मला वाटलं चक्कर आली. "काम चांगलं होतं गं," ते म्हणाले. "फार चांगलं होतं." लोक आम्हाला वळसा घालून वर जात होते. ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तिघं बराच वेळ तिथेच थांबलो.

तिसरी व्यक्ती मला मिळाली ती इंजेक्शनच्या रांगेत. इस्पितळाच्या भिंतीवर डोळ्याचा एक जुना तक्ता होता, हाताने काढलेला. बुबुळातल्या शिरा केसाएवढ्या आणि एकही शीर दुसरीवर चढलेली नाही. खाली कोपऱ्यात मुंगीएवढी सही. मी कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "त्या चित्रकार बाई? वैद्यकीय कॉलेजात हाडं काढायच्या. निवृत्त होऊन युगं झाली. पण सांभाळून जा हो, फटकळ आहेत."

चित्रकार बाई तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, शाईची दौत आणि पोलादी टाक. त्यांनी दादांना बसायलाही सांगितलं नाही.

"एका चित्राला चार दिवस."

"बाई, माझे डोळे तेवढे थांबणार नाहीत."

"मग डोळ्यांना समजवा. घाईत काढलेलं हाड मोडलेलं दिसतं. तीस वर्षं हाडं काढली आहेत मी."

"चोवीस आहेत. काही कमी कराल?"

"चोवीस आहेत म्हणून तर वाढवायला हवेत. आणि आणखी एक. मी बघितल्याशिवाय काढत नाही. प्रत्येक बूट मधोमध कापून माझ्यासमोर ठेवायचा. आत काय आहे ते मला दिसलं पाहिजे."

मला वाटलं आता दादा उठतील. स्वतःच्या हाताने केलेला बूट कापायचा! ते उठलेच नाहीत. म्हणाले, "रापी मी घेऊन येतो." आणि वर, "बाई, तुमच्या डाव्या सपातीची शिवण गेली आहे. तीही आणा इकडे." बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं.

पहिलं चित्र झालं त्या दिवशी दादांनी पाव तास भिंग हलवलं नाही. मग म्हणाले, "हा गवंड्याच्या मुलाचा पाय आहे." तो बूट दादांनी त्या मुलासाठीच केला होता, पण बाईंना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

चार दिवस चित्राला आणि दोन दिवस बूट कापून, बघून, भांडून. भांडायचे दोघंही मनापासून. "इथे सावली कशाला?" "तुम्ही बूट बघा, सावली माझी आहे." दादा तिथून परतताना शीळ घालत यायचे. दोन महिन्यांत नऊ चित्रं झाली. साधनं, माप, लाकडी पाऊल कोरायची रीत आणि सरळ टाचेचे पहिले बूट. एकही रेघ बदलावी लागली नाही. पैशांचं मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "जुनी शिल्लक आहे माझी. तू लिही."

मग एका सकाळी इस्पितळातून फोन आला. नर्स म्हणाली, "तुमचे पेशंट सलग दोन वेळा इंजेक्शनला आले नाहीत. काही अडचण आहे का?"

मी म्हटलं, "चूक होतेय तुमची. ते एकटेच गेले होते. पट्टी बांधून आले होते दोन्ही वेळा."

"नाही हो ताई. नोंदच नाही."

फोन ठेवला आणि मला ती पट्टी आठवली. दोन्ही वेळा मीच माझ्या हातांनी ती सोडवली होती, कापूस हळूच काढला होता, डोळा पुसला होता. ती चिकटपट्टी पिवळट, रुंद होती. इस्पितळातली पांढरी असते. पिवळी दादांच्या बाकावर, कातड्याचे तुकडे धरून ठेवायला असते. मला घरातला कपडा न कपडा ओळखता येतो, आणि ही पट्टी दोनदा माझ्या बोटांतून गेली तरी कळलं नाही.

एका इंजेक्शनच्या पैशांत साधारण चार चित्रं बसत होती. बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हे कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी शेजारच्यांनी खिडक्या उघडल्या. "दादा, तू डोळे विकून चित्रं घेतोयस? वेड लागलंय तुला?"

"विकतोय कसले? भाड्याचे होते. दोन महिने आधी घर सोडलं म्हणायचं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू पैसे दिले असतेस. तुझ्या मुलीच्या फीचे." आमची मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. हे न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. नळ बराच वेळ वाहत राहिला. मी दार वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे काढले, दादांना मध्ये बसवून आम्ही दोघं इस्पितळात गेलो. उशीर झाला होता. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. पुढच्या पंधरा दिवसांत डावाही मंदावला आणि उजेड कुठून येतो, समोर कुणी उभं आहे की नाही, एवढंच कळू लागलं. आता इंजेक्शनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा दादांनी पहिल्यांदा विचारलं ते असं, "म्हणजे तो खर्च वाचला ना?"

पंधरा चित्रं राहिली होती.

त्यातच मला आणखी एक गोष्ट दिसली. मी चहाचा कप नुकताच भरून ठेवला होता, कान धरायलाही चटका बसेल असा. दादांनी तो सबंध मुठीत धरला आणि धरूनच बसले. मी ओरडले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती आणि त्यांना पत्ता नव्हता. साखर डोळ्यांत थांबली नव्हती, बोटांत उतरली होती. मग त्यांनीच कबूल केलं, "महिनाभर मुंग्या येतायत. बोलू नकोस कुणाला. आधी चित्रं उरकू."

इतकी वर्षं कुणी घाई केली की दादा म्हणायचे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आता तेच बाईंकडे जाऊन म्हणाले, "बूट कापण्यात दोन दिवस जातात. ते सोडा. मी तोंडाने सांगतो, तुम्ही काढा."

"मी बघितल्याशिवाय काढत नाही."

"बाई, बघणं माझंही होतं. गेलं. माझ्याकडे आता बोटं आहेत आणि तीही पाहुणी आहेत. ऐका एवढं."

बाईंनी कागद पुढे ओढला आणि टाक शाईत बुडवला. "सांगा."

पुढची पाच चित्रं अशी झाली. दादा बूट मांडीवर धरून सांगायचे, मी वहीतलं वाचायची, बाई काढायच्या. ही पाच चित्रं पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची होती. पाऊल आतल्या बाजूला कलंडत असेल तर बुटाच्या तळात आतल्या बाजूने कातड्याची पाचर घालतात, म्हणजे पाऊल उचललं जातं. त्याच पाचरेची ही पाच चित्रं. उजव्या बुटाच्या वेळी बाईंनी दोनदा विचारलं, "पाचर उजवीकडे ना?" दादांनी बूट चाचपून दोनदा सांगितलं, "उजवीकडे." माझ्या वहीतही उजवीकडेच होतं. चित्रं वेळेआधी झाली. रेघ नेहमीसारखीच स्वच्छ. मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, "सुटलो बहुतेक."

दादा म्हणाले, "आता परीक्षा. मला न ओळखणारा चांभार शोधा."

बाजाराच्या पलीकडे पुलाखाली एक म्हातारा बसायचा. मी त्याला पाचरेची पानं दिली, कातडं दिलं, मजुरी ठरवली. आठ दिवसांनी तो स्वतः जोड घेऊन आमच्या घरी आला, कारण असं काम त्याने कधी केलं नव्हतं आणि त्याला ते दाखवायचं होतं.

दादांनी उजवा बूट घेतला. बोटं फिरवली, मग थांबले, बाही वर केली आणि मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीने बुटाचा तळ तपासू लागले. बोटांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मनगट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर गेलं, परत आलं.

"पाचर करंगळीच्या बाजूला आहे," ते म्हणाले.

"हो मालक," म्हातारा उत्साहाने म्हणाला.

"आतून घालायची होती. अंगठ्याच्या बाजूने. अशी घातली तर पोर दुप्पट कलंडेल."

"पण चित्रात तशीच आहे. मी चित्राबाहेर टाकाही घातला नाही, शप्पथ."

मी चित्र काढून बघितलं. म्हातारा खरं बोलत होता. मग मी दादांकडे बघितलं. बूट त्यांच्या मांडीवर होता, जसा तो आयुष्यभर असायचा, उपडा, तळ वर आणि टोक पलीकडे. उपड्या बुटाचं उजवं म्हणजे सरळ ठेवलेल्या बुटाचं डावं. दादा मांडीवरून सांगत होते. मी ते ऐकून लिहीत होते. बाई पाऊल जमिनीवर ठेवल्यासारखं, वरून काढत होत्या. बूट कापून टेबलावर ठेवला असता तर एका नजरेत कळलं असतं. आम्ही दोन दिवस वाचवले होते.

म्हाताऱ्याला काहीच कळेना. "मजुरी द्याल ना?" त्याने हळूच विचारलं. दिली. वर चहाही दिला. तो गेल्यावर दादांनी तो बूट सरळ केला, पुन्हा उपडा केला.

"समजा, आपण परीक्षा घेतली नसती," ते म्हणाले. "समजा, हे छापलं असतं."

मी पाचही चित्रं पिशवीत घातली आणि आम्ही बाईंकडे गेलो.

बाईंनी ऐकून घेतलं आणि ती पाचही चित्रं आमच्यासमोर फाडली. "चूक अर्धी माझी. मला शंका आली होती, मी गप्प बसले. या पाचांचे अर्धेच पैसे घेईन. फुकट म्हणणार नाही, मलाही भाडं द्यावं लागतं. पण यापुढे बूट कापल्याशिवाय टाक उचलणार नाही, तुम्ही रडलात तरी."

घरी मी हिशोब मांडला, दोनदा मांडला. दादांची शिल्लक संपली होती. ह्यांच्याकडचं, माझ्या बांगड्यांचं, दादांच्या शिवणयंत्राला येईल ते, सगळं धरून सहा चित्रं होत होती. शिवाय प्रत्येक चित्राआधी दादांनी जपून ठेवलेला नमुन्याचा बूट कापायचा, आणि नंतर पुलाखालच्या म्हाताऱ्याकडून करून घेऊन तपासायचा. सहांनाच दोन-अडीच महिने लागणार. दादांची बोटं तोवर पुरतील की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. पंधरातली नऊ काढून टाकावी लागणार होती.

"वाच यादी," दादा म्हणाले.

मी वाचू लागले. पुस्तकात पायांना नावं होती ती आजाराची नव्हती, दादांनी ठेवलेली होती. "सपाट तळवा, दोन्ही पाय."

"ते कुणीही करील. काढ."

"पाचर, उजवा. पाचर, डावा. जाड पाचर."

"तिन्ही ठेव. बाकीच्या दोन पाचरा काढ."

"चवड्यावर चालणारा, लहान मूल."

"ठेव."

"चवड्यावर चालणारा, मोठा माणूस."

ते थांबले. "डाकघरातला कारकून. वीस वर्षं बूट नेले माझ्याकडून. दर खेपेला म्हणायचा, यंदा जरा फॅशनचे करा." हसू आलं त्यांना. मग म्हणाले, "काढ."

मी रेघ मारली. कागदावर रेघेचा आवाज होतो, तो त्यांना ऐकू जात असणार, म्हणून मी पेन हलक्या हाताने धरलं. "बोटं आत वळलेली. काढू? बरं. जळलेला पाय." प्रत्येक रेघेला एक माणूस होता आणि दादांना तो आठवत होता. एका शिंपिणीचा पाय काढताना ते म्हणाले, "माफ कर गं बाई," आणि ते मला म्हणाले नव्हते.

पाच ठेवून झाले. आठ काढून झाले. दोन उरले. "घोटा न वाकणारा," मी म्हटलं, "आणि एक पाय आखूड, टाच वर उचललेली."

"घोटा न वाकणाऱ्याचे बूट मी किती केले असतील गं?"

"शंभर तरी."

"आणि दुसऱ्याचे?"

वहीत त्यांनीच सांगितलेलं होतं. "एकच. सात वर्षांच्या मुलीचा. तो चावला तिला, जखम चिघळली. मग तिने चालणंच सोडलं, असं लिहिलंय."

"घोटा काढ. आखूड ठेव."

"दादा," मला राहवलं नाही, "तो बूट जमलाच नव्हता. जो शंभरदा जमला तो काढून हा का?"

"शंभरदा जमला तो दुसऱ्या कुणालाही जमेल. हा का चावला ते मला चार वर्षांनी कळलं. तोवर ती लोकं गाव सोडून गेली होती. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही तर पुढचा माणूसही असाच चावणारा बूट करील."

मी घोट्यावर रेघ मारली आणि आखूड पायाचं नाव पुन्हा ठळक लिहिलं. मग लक्षात आलं ते सांगणं भाग होतं. "पण त्याचा नमुना नाही आपल्याकडे. बाई तर बघितल्याशिवाय काढणार नाहीत."

"ठाऊक आहे," दादा म्हणाले. "तो मला पुन्हा करावा लागेल. नीट."

शिवणयंत्राचं गिऱ्हाईक दोन दिवसांनी येणार होतं. दादा त्याच दुपारी बाकाशी बसले. मी कातडं पसरून दिलं, त्यांचा हात धरून कडेवर नेला, खूण कुठे आहे ते सांगितलं. त्यांनी डाव्या हाताची बोटं खुणेवर रोवली आणि उजव्या हाताने रापी चालवली. सुरुवात सरळ झाली. वळणावर रापी खुणेच्या आत गेली, बोटाला घासून पुढे सरकली आणि कातड्यावर एक लाल ठिपका पडला. दादांना लागल्याचं कळलंच नाही, ते कापतच राहिले. मी त्यांचा हात धरला.

"वाकडं गेलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"किती?"

"वाया गेलं, दादा."

मी फडक्याने त्यांचं बोट गुंडाळू लागले. त्यांनी ते गुंडाळू दिलं, दुसऱ्या हाताने तो तुकडा चाचपडत बाजूला सारला आणि बाक मोकळा आहे ना याची खात्री केली.

"दुसरं कातडं पसर," ते म्हणाले, "आणि या वेळी खूण पेनाने करू नकोस, आरीने खोल ओढ. मनगटाला लागली पाहिजे."